सगळे म्हणतात दुःखाला अर्थ असतो, मला तो सापडत नाहीये

संध्याछाया

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आईला मोठा स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तिला कळतं सगळं, शब्द येत नाहीत. उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळलेली असते की नखं तळहातात रुततात, रोज सकाळी एकेक बोट हळूहळू सोडवायचं आणि आत कापडाची गुंडाळी ठेवायची, हे करताना ती डोळे मिटून घेते कारण दुखतं तिला, ओरडता मात्र येत नाही. तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येत नाही. पण मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की ती माझ्याबरोबर अख्खी प्रार्थना म्हणते, आमेनपर्यंत. संपली की परत गप्प.

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं वाईट नाहीत, येतात, बसतात, प्रार्थना करतात. पण प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. एक बाई म्हणाल्या देवाची योजना आहे, आत्ता कळणार नाही. दुसऱ्या म्हणाल्या घरात कुणाचं कबूल न केलेलं पाप आहे का ते तपासा. एक काका म्हणाले देव माणसाला झेपेल तेवढंच ओझं देतो. त्यांच्यासमोर मान हलवली पण रात्री डोक्यात तेच, म्हणजे मी जरा कमकुवत असते तर आईला स्ट्रोक आला नसता का??

विश्वास सोडलेला नाही आणि सोडायचाही नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर चर्चा तिकडे जाईल. प्रश्न एवढाच आहे की दुःखाला अर्थ असतो म्हणजे नक्की काय असतं? तो आधीच ठरलेला असतो आणि आपण शोधायचा, की आपण मागाहून चिकटवतो? आणि माझी श्रद्धा वाढावी, संयम वाढावा म्हणून हे असेल तर मला ते भयंकर वाटतं. माझ्या संयमासाठी तिची वाचा घ्यायची?

आशेचा_दीप

ख्रिस्तात नमस्कार ताई. तुमच्यासाठी प्रार्थना करतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ५ वा अध्याय वाचा, संकटाने धीर येतो, धीराने शील आणि शीलाने आशा, आणि ती आशा लाजवत नाही. सोनं अग्नीतूनच शुद्ध होतं. आज कडू वाटतंय पण एक दिवस तुम्हीच साक्ष द्याल. खचू नका, प्रभू विश्वासू आहे.

थॉमसचा_भाऊ

दीपभाऊ राग मानू नका, वचन बरोबरच आहे, पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते स्वतःच्या संकटांबद्दल लिहिलंय, फटके खाल्ले, तुरुंगात बसला आणि मग म्हणाला की यातून धीर आला. दुसऱ्याच्या अंथरुणापाशी उभं राहून त्याला हे ऐकवणं वेगळं. स्वतःच्या दुःखाबद्दल माणूस जे म्हणू शकतो ते शेजारच्याच्या दुःखाबद्दल म्हणायचा त्याला हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि अर्धा घोळ इथेच होतो.

संध्याताई, आता तुमच्या तिन्ही पाहुण्यांकडे येतो, कारण गंमत (वाईट अर्थाने) अशी आहे की तिघांनाही बायबलनेच उत्तर दिलंय.

पाप तपासा म्हणणाऱ्या बाई. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय ९. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो यानेही नाही, आईबापांनीही नाही. आणि मग तो भाषण देत बसत नाही, थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. लूक १३ मध्ये परत तेच, शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली होती, येशू विचारतो ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही म्हणून सांगतो. पुढे पश्चात्ताप करा म्हणतो, पण ते ऐकणाऱ्या सगळ्यांना, मेलेल्यांच्या घरच्यांना वेगळं काढून नाही. म्हणजे आजार दिसला की पाप शोधायचा हा हिशोब येशूने स्वतः दोनदा मोडलाय तरी आपल्या सभांमध्ये अजून चालू आहे.

'झेपेल तेवढंच' वाले काका. ते वाक्य असं बायबलमध्ये नाहीच. लोक पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या १०:१३ च्या आधाराने म्हणतात, पण तिथे मागेपुढे मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर असा विषय चाललाय, मोहात पडू नये याबद्दल आहे ते, स्ट्रोकबद्दल नाही. आणि तोच पौल त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आसियात (आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा सोडली होती. शक्तीपलीकडचं, हे प्रेषित म्हणतोय. त्यामुळे तुम्हाला झेपत नसेल तर त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

योजना वाल्या बाई. इथे जरा सावकाश जावं लागेल कारण ही गोष्ट पूर्ण खोटीही नाही. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक बघा. ४२ अध्याय. निर्दोष माणूस, आणि त्याची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं. तिघे मित्र येतात, अलीफज, बिल्दद, सोफर, आणि सुरुवात फार सुंदर करतात, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात, कोणी एक शब्द बोलत नाही. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडतात, देव न्यायी आहे म्हणजे तू काहीतरी केलंच असणार. ईयोब मात्र ओरडतो, भांडतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी देव रागावतो कोणावर? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो. देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे पुस्तक देवाच्या वचनात ठेवलंय ही मला अजूनही मोठी गोष्ट वाटते.

आणि ईयोबाला 'का' चं उत्तर मिळतं का? नाही. ३८ पासून देव बोलतो तो समुद्राबद्दल, पहाटेबद्दल, रानगाढवांबद्दल, शहामृगाबद्दल. सुरुवातीला स्वर्गात जे घडलं (सैतान ईयोबाची परीक्षा घ्यायची परवानगी देवाकडून मिळवतो) ते वाचकाला माहीत आहे, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. (शेवटी त्याला परत सात मुलगे तीन मुली होतात ते मला कधीच पटलेलं नाही, गेलेली दहा मुलं गेलीच ना. असो.)

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर, कारण आणि अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्ट्रोक का आला याचं कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत आहे. देवाने तुमच्या संयमासाठी आईची वाचा घेतली असं मानायची सक्ती तुमच्यावर कोणीही करत नाहीये, निदान शास्त्र तरी करत नाही. रोम ८:२८ सुद्धा एवढंच म्हणतं की देव सगळ्या गोष्टींतून भलं घडवतो, सगळ्या गोष्टी भल्या असतात असं म्हणत नाही.

फिजिओवाली

मी श्रद्धाळू नाही पण कामाचं सांगते, कारण ते कोणी सांगितलं नाही तर वाईट वाटेल.

१) मुठीसाठी फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, हात उघडा ठेवायला स्प्लिंट (आधाराची पट्टी) मिळतो. फारच कडकपणा असेल तर स्नायूत इंजेक्शन देऊन तो काही महिने कमी करता येतो, न्यूरोलॉजिस्टला विचारा. बोटं ओढून सोडवू नका, आधी मनगट आतल्या बाजूला वाकवा, मग बोटं आपोआप सैल पडतात, दुखणं कमी होईल. नखं बारीक ठेवा आणि तळहात रोज धुवून कोरडा करा, तिथे जखम चिघळते.

२) प्रार्थना म्हणता येते आणि पाणी म्हणता येत नाही हे आम्ही नेहमी बघतो. पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, वारांची नावं, गाणी, प्रार्थना, अगदी शिव्यासुद्धा, या मेंदूत वेगळ्या वाटेने चालतात आणि मेंदूची डावी बाजू (जी शरीराची उजवी बाजू आणि बोलणं सांभाळते) गेली तरी पुष्कळदा शाबूत राहतात. स्पीच थेरपीत याचाच उपयोग करतात, चालीवर म्हणत म्हणत रोजचे शब्द परत आणायचा प्रयत्न होतो. सुरू केली नसेल तर अजूनही करा, वर्ष झालं म्हणून सोडून देऊ नका.

संध्याछाया

फिजिओवाली ताई, मनगटाचं आजच करून बघितलं. खरंच सैल पडली. इतके महिने मला कोणी हे सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद. स्पीच थेरपी बंद केली होती आम्ही, परत विचारते.

प्रार्थनेचं तुम्ही लिहिलंत ते वाचून आधी जरा खट्टू झाले, कारण सभेत सगळे त्याला चमत्कार म्हणतात. मग वाटलं की मेंदूच्या कुठल्याही वाटेने येऊ दे, साठ वर्षं तिने रोज म्हटली म्हणून ती तिथे आहे.

थॉमसभाऊ, ईयोबाचं पटलं. पण मग उरतं काय? कारण मिळणार नाही, ठीक. योजना म्हणायचं नाही, ठीक. मग ख्रिस्ती माणूस आणि बाकीचे यात फरक काय पडला?

वेदीजवळ

कॅथलिक आहे, तेव्हा थोडं वेगळं बोलेन.

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, दुखणं अर्पण कर. लहानपणी मला याचा राग यायचा, दात दुखतोय आणि आजी म्हणतेय अर्पण कर, डॉक्टरकडे नेण्याऐवजी. पण त्यामागचा विचार फालतू नाही. कलस्सैकरांस पत्रात १:२४ ला पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या दुःखसहनात जे उणं आहे ते मी माझ्या देहात भरून काढतो, मंडळीसाठी. म्हणजे येशूचं काम अपुरं राहिलं असं नव्हे, तर त्याने आपल्या दुःखात आपल्यालाही जागा ठेवलीय. अंथरुणावरचा माणूस, ज्याचा आता कोणाला काही उपयोग नाही असं जग म्हणतं, तोही जगासाठी काहीतरी करतोय, हा त्यातला अर्थ. तुमच्या आईची प्रार्थना ही त्या घरातली सगळ्यात मोठी सेवा असू शकते.

पोप जॉन पॉल दुसरे यांना १९८१ च्या मे महिन्यात गोळ्या घातल्या होत्या, वाचले, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत त्यांनी दुःख याच विषयावर एक मोठं पत्र काढलं. त्यात शेवटाकडे दयाळू शोमरोन्याची (रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची) गोष्ट येते आणि ते दोन्ही गोष्टी एकत्र सांगतात, आपल्या दुःखाने भलं करायचं आणि दुःखात असलेल्याचं भलं करायचं. एक सोडून दुसरं नाही. लोक पहिलं धरून बसतात आणि दुसरं विसरतात. आणि अर्पण म्हणजे वेदना अंगावर काढायच्या असं बिलकुल नाही, औषधाने वेदना कमी करणं योग्य आहे असं पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलंय. त्यामुळे इंजेक्शन जरूर द्या.

फक्त एक, अर्पण ज्याचं दुखणं आहे त्यानेच करायचं असतं. आईच्या वतीने तुम्ही नाही करू शकत. तुम्ही तुमचं करू शकता, तुमच्या जागरणांचं, कंबरदुखीचं, चिडचिडीचं.

नास्तिक_पण_शेजारी

मी पूर्वी तुमच्यातलाच. एक विचारू का, राग न मानता? अर्थ हवाच कशाला? आई आजारी आहे, तुम्ही तिची बोटं रोज सोडवताय, हे स्वतःतच पूर्ण आहे की. त्यावर अर्थाचा थर दिला नाही तर काय बिघडतं? मला तर अर्थ शोधणं बंद केल्यावर बरं वाटलं, कारण सारखं वरती बघून काही सिग्नल येतोय का ते तपासणं थांबलं.

थॉमसचा_भाऊ

शेजारीबुवा, तुमचं निम्मं मान्य. सिग्नल शोधणं ही खरंच वाईट सवय आहे आणि त्याने माणूस वेडा होतो. बोटं सोडवणं पूर्ण आहे हेही मान्य. पण संध्याताईंना एक अडचण आहे जी तुम्हाला राहिली नाही, त्यांना हे सगळं कोणाला तरी विचारायचं आहे. तुमच्यालेखी वरती कोणी नाही, म्हणून तक्रारही नाही. त्यांच्यालेखी आहे, आणि तो गप्प आहे.

म्हणून ताई, 'फरक काय पडला' याला माझं उत्तर. देव वरून दुःख वाटत बसलेला नाही, तो खाली येऊन त्यात सापडला, हा फरक. पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणतो हा प्याला माझ्यापासून दूर कर. मागितलं, आणि मिळालं नाही. वधस्तंभावर बायबलमधल्या स्तोत्र २२ ची पहिली ओळ ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? 'का' हा प्रश्न त्यानेही विचारलाय आणि तेव्हा आकाशातून काही उत्तर आलं नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी पाच मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असूनही तो रडला, शहाणपणा शिकवला नाही. आणि पुनरुत्थान झाल्यावर शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. मरण जिंकलेल्या शरीरावरही जखमा तशाच. माझ्या मते आपल्या धर्मात याहून खोल काही नाही, बरं झालेलं शरीर म्हणजे जणू काही झालंच नाही असं शरीर नव्हे.

दिएत्रिच बॉनहोफर नावाचे जर्मन पाळक हिटलरच्या तुरुंगात होते, एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलं त्यांना, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. त्यांनी १९४४ मध्ये तुरुंगातून मित्राला लिहिलं होतं की फक्त दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. माणूस स्वतः आत बसून हे लिहितोय म्हणून मी त्याचं ऐकतो.

अर्थ आधी असतो की मागाहून, यावर पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना उचलून आणलं आणि जगवलं. आता कोणी म्हणेल की बघा, म्हणूनच देवाने त्यांना दुष्काळ दाखवला. मला हे वाक्य म्हणवत नाही. आईवडील उपासमारीने मरावेत म्हणजे मुलगी समाजसेविका होईल, असला देव मला नको. पण भुकेची ती आठवण त्यांच्या हातून वाया गेली नाही, हे म्हणता येतं. तुमच्या शब्दात सांगायचं तर मागाहूनच, पण चिकटवलेलं नव्हे, त्यांनी देवाचा हात धरून आयुष्यभर ते घडवलं. आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. त्या शेवटच्या दुःखाचा अर्थ काय, ते मी सांगायला जाणार नाही.

आशेचा_दीप

थॉमसभाऊ, वचन घाईने दिलं खरं. पण आशा सांगूच नये असं तर नाही ना? नुसतं रडत राहिलो तर पुनरुत्थान कशाला झालं?

थॉमसचा_भाऊ

सांगावी की. फक्त शुक्रवारी (क्रूसाच्या दिवशी) रविवारचं (पुनरुत्थानाचं) गाणं लावू नये, शनिवार मध्ये आहे.

संध्याछाया

दीपभाऊ, तुम्ही प्रार्थना करताय म्हणालात ते मनापासून चालेल मला, वचनाचा राग नव्हता.

शेजारीदादा, तुमचं वाचून थोडा हेवा वाटला खरं सांगू तर. पण थॉमसभाऊ म्हणतात तसं आहे, मला भांडायला कोणीतरी हवंय. आणि वेदीजवळ, चिडचिड अर्पण करायची हे मला सुचलंच नव्हतं, ती माझ्याकडे भरपूर आहे 😅

एक प्रॅक्टिकल विचारते. मंडळीतले लोक दर आठवड्याला येतात, त्यांना तोंडावर 'बोलू नका' कसं सांगू? आणि मला स्वतःला प्रार्थना सुचत नाही हल्ली, शब्दच नाहीत, आईसारखंच झालंय माझं.

वेदीजवळ

त्यांना काम द्या. बोलतात कारण हात रिकामे असतात. येशूलासुद्धा क्रूस एकट्याने नेता आला नाही, कुरेनेकर शिमोनाला वाटेवर धरून आणलं आणि त्याच्या खांद्यावर दिला. देवाच्या पुत्राला माणसाची मदत लागली तर तुम्ही मागायला लाजू नका. काकांना सरळ सांगा की आठवड्यातली एक दुपार तुम्ही आईपाशी बसा, मी झोपते. जे 'झेपेल' म्हणतात त्यांनी थोडं झेलून बघावं. आणि तुमची झोप, भूक फारच बिघडली असेल किंवा नको ते विचार येत असतील तर डॉक्टरांशीही बोला, ते काही अविश्वासाचं लक्षण नाही.

थॉमसचा_भाऊ

शब्द नसतील तर उसने घ्या, बायबलमधली स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. १५० पैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं रडगाणी आहेत, 'हे परमेश्वरा, कुठवर?' अशी. बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, एक ८८ वं मात्र वळतच नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही, तसंच ठेवलं.

संध्याछाया

८८ वाचलं आत्ता. कोणीतरी माझ्याच डायरीतून उचलल्यासारखं आहे. हे आईजवळ बसून मोठ्याने वाचलं तर चालेल का, की तिला त्रास होईल?

फिजिओवाली

मध्येच बोलते, तिला कळतं सगळं असं तुम्हीच लिहिलंय, तर तिलाच विचारा. हो-नाहीसाठी मान किंवा डावा हात वापरता येतो का बघा. तिचंही काही म्हणणं असेल.

थॉमसचा_भाऊ

+१. मी तेच लिहायला आलो होतो. आधी तिला पाठ असेल तर २३ वं स्तोत्र एकत्र म्हणा, मग ८८ दाखवून विचारा. नको म्हणाली तर तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन वाचा, पण मोठ्यानेच वाचा.